ओटीपासून माजघरापर्यंत

१. प्रचलित समजूत

आपण निवडलेल्या जोडीदाराला पहिल्यांदा गावच्या घरी घेऊन जाण्याच्या प्रसंगाविषयी आपल्याकडे जी समजूत रूढ झाली आहे, ती थोडक्यात अशी मांडता येईल. मुंबईस किंवा पुण्यास शिकून नोकरीस लागलेल्या मुलाचे वा मुलीचे मन परजातीच्या, परप्रांताच्या किंवा परधर्माच्या माणसावर बसते. गावी जुन्या वळणाचे आईबाप असतात. एके दिवशी ही दोघे रत्नागिरी स्थानकावर उतरून रिक्षाने वाडीत पोचतात. वडील गप्प बसतात, आई डोळ्यांना पदर लावते, आणि मग एक तर शब्दाला शब्द वाढून पोरे आल्या पावली परततात, नाही तर संध्याकाळी पाने मांडली जातात. पाने मांडली गेली, आईने आग्रह करून दुसरा मोदक वाढला, की प्रश्न सुटला असे समजून मंडळी निःश्वास टाकतात. नाटक-सिनेमांनी हा साचा इतका घोटला आहे की त्यावाचून या प्रसंगाकडे पाहणेच आपल्याला जमेनासे झाले आहे. हा केवळ आपल्याकडचा दोष नाही. अमेरिकेत १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी घटनाबाह्य ठरविली, आणि त्याच वर्षी ‘गेस हू इज कमिंग टू डिनर’ हा गाजलेला चित्रपट निघाला; त्यातही एका कृष्णवर्णीय डॉक्टरचा गोऱ्या घरातला निकाल एकाच दिवसात, रात्रीचे जेवण वाढले जाण्यापूर्वी, लागून जातो.

ही समजूत मला उथळ वाटते, आणि तिच्यामुळे पुष्कळ सज्जन माणसांचे नुकसान होत आले आहे असेही वाटते. माझे म्हणणे असे की, कोकणातले घर आलेल्या माणसाला पाहुणचार देते तेव्हा त्याने त्याचा स्वीकार केला असे सिद्ध होत नाही. किंबहुना वर्षानुवर्षे चालणारा निर्दोष पाहुणचार हा नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार असू शकतो. स्वीकाराची खूण निराळी आहे, आणि ती खूण पटवून देण्याची जबाबदारी नव्याने येणाऱ्या माणसावर किंवा घरातल्या वृद्धांवर येण्याआधी त्याला घेऊन येणाऱ्यावर येते. हा विचार मी रत्नागिरी जिल्ह्यापुरता मांडतो. इथल्या घरांची मला थोडीफार माहिती आहे हे त्याचे एक कारण. दुसरे असे की या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू या जिल्ह्याने गेल्या सव्वाशे वर्षांत एकेकदा भोगून पाहिलेल्या आहेत.

२. घर म्हणजे आईबाप नव्हेत

११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यास गोदूबाईंशी विवाह केला. वर विधुर होते, वधू बालविधवा होती. वर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते, वधू पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. दोन्ही घराणी याच जिल्ह्यातली, एक दापोलीजवळच्या मुरूडचे आणि दुसरे देवरुखचे, जातही एकच. विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ सालीच कायद्याची मान्यता मिळालेली होती. म्हणजे आजच्या कोणत्याही हिशेबाने पाहता या जोडप्यात अडण्यासारखे काहीही नव्हते. तरीही कर्वे पत्नीला घेऊन मुरूडास गेले तेव्हा गावाची सभा भरली. कर्व्यांशी बैठकीचा संबंध ठेवू नये असे तिने ठरविले, आणि पुढे ते आपल्या घरी उतरले तर त्या घरालाही वाळीत टाकावे असाही ठराव केला. ज्या गावाच्या उपयोगी पडावे म्हणून कर्व्यांनी तरुणपणीच मुरूड फंडाची कल्पना काढून चार पैसे जमविले होते, तेच हे गाव. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, हे सर्वांना पाठ असते. १८९३ सालचा हा ठराव मात्र फारसा कोणाला आठवत नाही.

या ठरावातला शेवटचा भाग नीट वाचला पाहिजे. शिक्षा कर्व्यांना नव्हती. ते पुण्यात सुखाने राहू शकत होते. शिक्षा होती ती त्यांना थारा देणाऱ्या घराला. मुलावरच्या मायेत घरात काही उणे होते असे मानायला आधार नाही. पण माया हा त्या प्रकरणातला निर्णायक कागदच नव्हता. विहिरीवर, मर्तिकाला, मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ज्यांच्याकडे तोंड करून उभे राहावे लागते त्यांच्याशी घर बांधलेले होते, आणि मुलगा सुनेला घेऊन दारात आला तेव्हा त्याने आपल्या आईपुढे तिच्या आवडीनिवडीचा प्रश्न टाकला नव्हता. गावापुढे आमच्या वतीने उत्तर देण्यास तू तयार आहेस काय, असा तो प्रश्न होता.

‘आईबापांची मने वळवा’ हा आपला नेहमीचा उपदेश म्हणूनच अपुरा पडतो. मने वळलेली असतात, पुष्कळदा आपण समजतो त्याहून लवकर वळलेली असतात. पण मन आणि घर ही दोन निरनिराळी दप्तरे आहेत. घराच्या दप्तरात भावकीची सही लागते, आणि भावकीच्या वर गावकी असते. मुंबईला गेल्याने या सह्यांतून सुटका होते असाही एक भ्रम आहे. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या होत्या, गावोगावची ग्रामस्थ मंडळे अजून मुंबईत नांदत आहेत. वाडीतला बखेडा कित्येकदा मुंबईच्या सभेत मिटतो, आणि पेटायचा असला तर तेथेच पेटतोही. तेव्हा ‘खुले शहर आणि बंदिस्त खेडे’ या जोडीवर ज्यांनी आपले तर्कशास्त्र उभारले आहे, त्यांनी चाकरमान्याच्या खिशातली मंडळाची वर्गणीची पावती एकदा पाहून घ्यावी.

अर्ज पुष्कळदा चुकीच्या कचेरीत दिला जातो, तो असा. वडिलांची परवानगी हा या नाट्याचा कळस मानण्याची रीत आपण कुठून उचलली कोण जाणे. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या मानाने कमी होऊन १६,१५,०६९ वर आली होती. पुरुष गिरणीत, बंदरात, आखातात. घर, गोठा, शेत आणि भावकीशी बोलणी मनीऑर्डरीवर चालविणाऱ्या बायकांच्या हाती. तीन-चार पिढ्या हे असे चालल्यावर घरात कोणाला घ्यावयाचे याचा खरा अधिकार कोणाकडे गेला असेल, ते सांगावयास नको. ओटीवर बसलेले वडील खाकरून ‘बघू’ म्हणतात, त्या ‘बघू’चा अर्थ ‘तिला विचारतो’ असा असतो.

३. घराचा नकाशा

जुने कोकणी घर बांधणाऱ्याने माणसांची प्रतवारी जणू जांभ्या दगडात करून ठेवली आहे. आधी खळे, मग ओटी, मग माजघर, आणि त्याच्या आत स्वयंपाकघर व देवघर. बाजूने पडवी, मागे परसू. खळ्यात कोणीही येतो. ओटीवर ओळखीचा येतो, त्याला पाट किंवा खुर्ची मिळते, गूळपाणी मिळते, हल्ली चहा मिळतो. माजघराचा उंबरठा ओलांडावयास नाते लागते किंवा निकड लागते. आणि चुलीपाशी, जेथे घरातल्या खऱ्या गोष्टी बोलल्या जातात, तेथे नुसत्या नात्यानेही भागत नाही.

आता मुंबईहून आलेल्या जोडीदाराचे काय होते ते पाहा. तिला ओटीवर बसवतात. उत्तम खुर्ची देतात. शेजारची म्हातारी येऊन ‘कुनाची गो तू? कुटची?’ असे विचारून जाते आणि उत्तर न कळताही मान डोलावते. दुपारी ताट वाढून समोर येते. ती उठून भांडी घेऊ लागली की ‘राहू दे, राहू दे, तुला सवय नाही’ असे म्हणत तिच्या हातातून ती काढून घेतली जातात. संध्याकाळी तिला समुद्र दाखवावयास पाठवितात. निघताना नारळ, आमसुले, कुळथाच्या पिठाची पिशवी देतात. आई कपाळावरून हात फिरवते. मुलगा गाडीत बसताना म्हणतो, ‘बघितलंस, आवडलीस तू सगळ्यांना.’ आणि त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नसते. ती आवडलेली असते.

पण ज्या ताटाला तिचा हात लागू दिला नाही ते ताट नीट पाहिले पाहिजे. घरच्या सुनेला, लेकीला, नात्यातल्या पोरीला असे कोणी म्हणत नाही. तिला विळी पुढे सरकवतात आणि नारळ खवायला बसवतात. तिने जाड खवला तर बोलतात. मे महिन्यात आलेली असली तर रतांब्यांचा ढीग तिच्यापुढे ओततात. फोडलेल्या रतांब्यांच्या बिया एकीकडे, साली एकीकडे. मीठ घातलेल्या रसात साली पुन्हा पुन्हा भिजवून वाळवावयाच्या, म्हणजे त्यांची आमसुले होतात. दोन तास हे काम केल्यावर बोटे नखांपर्यंत लाल होतात, आणि त्या दोन तासांत घरातल्या बायकांच्या तोंडून जे ऐकावयास मिळते, म्हणजे कोणाचा हिस्सा कोणी दाबला, कोणाला मूल होत नाही, धाकट्या दिराचे दारूचे व्यसन कितपत गेले आहे, ते ओटीवर बसून जन्मात ऐकू येत नाही. ज्याला घरचे वाईट सांगितले जाते तोच घरचा, एवढे साधे हे प्रमाण आहे.

महसुली भाषेत सांगावयाचे तर, पाहुण्याचे नाव सातबाऱ्यावर चढलेले असते खरे, पण ते ‘इतर हक्कां’च्या रकान्यात. मालकाच्या रकान्यात नाव जावयाचे तर फेरफार व्हावा लागतो, नोटिसा निघाव्या लागतात, हरकती ऐकल्या जातात, आणि मंजुरी मिळेपर्यंत नोंद पेन्सिलीचीच राहते. घराच्या फेरफाराची मंजुरी कामाने, तक्रारीने आणि वाट्याने होते. ती जेवणाच्या पानावर होत नाही.

४. सभ्य नकार

उघड नकार देण्याची गरज आता राहिलेली नाही, हे आपल्या काळाचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. मुरूडच्या सभेला ठराव करावा लागला, कारण तिला दुसरे साधन नव्हते. त्या काळी गावी येणे म्हणजे येऊन राहणे होते. पावसाळ्यात बोटी बंद, घाटाची वाट बिकट, त्यामुळे आलेला माणूस महिना-पंधरा दिवस घरात वावरे आणि त्याच्याविषयी काही तरी ठरविणे भागच पडे. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मुंबईहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी पोचू लागला. ही सोय मोठी. पण तिने येण्याची मुदतही दोन दिवसांवर आणून ठेवली. दोन दिवस कोणाचाही पाहुणचार करता येतो. दोन दिवसांसाठी कोणी कोणाला वाळीत टाकीत नाही, आणि दोन दिवसांत कोणी कोणाचे होतही नाही.

त्यातही हे दोन दिवस बहुधा गौरी-गणपतीतले असतात. चाकरमान्याला रजा तेव्हाच असते, हे मला मान्य आहे. पण या सणात घराला कोणाला न्याहाळावयास सवड नसते, आणि सणाची स्वतःची नोंदवही आधीच ठरलेली असते. नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. सुपे सजवून ती गौरीपुढे आणि मग थोरामोठ्यांपुढे जाते, तेव्हा ती रीतसर या घरची होते. ओवशाला बसावयाचा अधिकार लग्नाच्या सुनेला. जी अजून सून नाही, किंवा ज्याला सून होणे निसर्गतःच शक्य नाही, त्या माणसासाठी या वहीत पान नाही. म्हणून घर त्याला मायेने खुर्ची देते.

या सभ्य नकाराचे सर्वांत शुद्ध रूप पाहावयाचे असेल तर समलिंगी जोडप्यांकडे पाहावे. मुलगा आपल्या जोडीदाराला ‘मित्र’ म्हणून घरी आणतो. घर त्याला मित्र म्हणूनच दहा वर्षे जेऊ घालते, त्याची चौकशी करते, आंब्याची पेटी पाठवते. सगळ्यांना सगळे माहीत असते आणि त्या माहितीवर मायेने पांघरूण घातलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा कायद्याचे दारही तूर्त लागलेलेच आहे. पण घराने नकार कधीच दिलेला नसतो. त्याने फक्त पाहुणचार थांबविला नाही. इतक्या गोड रीतीने इतका पक्का नकार देणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही.

५. पंगतीचा धडा रत्नागिरीने एकदा घेतला आहे

एकत्र जेवणे आणि एक होणे यांतले अंतर या जिल्ह्याला नवे नाही. १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या वर्षांत येथे सहभोजने झाली, आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ साली सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. तोडावयाच्या सात बेड्यांची जी यादी सावरकरांनी केली तीत रोटीबंदी आणि बेटीबंदी या दोन निरनिराळ्या बेड्या म्हणून येतात. एक तुटली म्हणजे दुसरी आपोआप तुटेल असे त्या यादीनेही गृहीत धरलेले नाही. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी तर १९३६ सालच्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात स्पष्टच बजावले की, सहभोजनाने जातीची जाणीव मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच. पंगतीला बसून माणूस हात धुतो आणि घरी जातो. सोयरीक झाली की मात्र घरी जावयाचे ते घरच एक होते, आणि जातीला नेमके तेच नको असते.

हा धडा आपण सार्वजनिक जीवनात अर्धामुर्धा शिकलो आणि खासगी जीवनात विसरलो. घरी आणलेल्या परजातीच्या मुलीला आईने पान वाढले याचा आनंद मानणारा मुलगा एका पंगतीवर समाधान मानून बसलेला असतो.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर तेही रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ पासून येथे ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचा जीव राजवाड्यातल्या गोपाळ सावंत नावाच्या विवाहित नोकरावर जडला, आणि त्यांना टूटू नावाची मुलगी झाली. राजघराण्याला हे नाते रुचले नाही हे सांगावयास नको. गावालाही ते पचले असे नाही. पण टूटू या गावात राहिली, वाढली, संसार करून म्हातारी झाली. मराठी हीच तिची भाषा झाली. राजवाडा आज वस्तुसंग्रहालयाच्या रूपाने उभा आहे. राजाच्या नातीला रत्नागिरीकर करण्याचा ठराव कोणत्याही सभेने केला नव्हता. ती येथे राहिली, एवढेच झाले.

६. आणणाऱ्याचे कर्तव्य

आता मूळ सिद्धान्ताच्या उत्तरार्धाकडे येतो. येणाऱ्या माणसाने कसे वागावे याची शिकवणी आपण फार देतो: साडी नेस, वाकून नमस्कार कर, दोन शब्द मराठीत बोल, मासे खात नसलीस तरी तोंड वाकडे करू नको. घरच्यांनाही उपदेश करतो. या दोघांच्या मध्ये जो उभा आहे, ज्याला दोन्ही बाजूंच्या भाषा येतात आणि ज्याच्यामुळे हा सर्व प्रपंच उभा राहिला, त्याला मात्र कोणी काही विचारीत नाही. माझ्या मते त्याच्याकडे तीन गोष्टींची बाकी निघते.

पहिली अशी की, त्याने स्वतः पाहुणा असणे थांबवावे. चाकरमानी पोरगा मुंबईहून येतो तेव्हा तोही ओटीवरच बसतो. त्यालाही ताट समोर येते. घराचा कर किती, वारसनोंद अजून कोणाच्या नावावर अडली आहे, पुढच्या पडवीची कौले कोण परतणार, हे त्याला ठाऊक नसते. ज्याचे स्वतःचेच नाव घराच्या व्यवहारातून पुसट झाले आहे, त्याने दुसऱ्याला तेथे दाखल करावयास निघणे म्हणजे बेवारस दस्तऐवजावर साक्षीदार आणणे होय.

दुसरी अशी की, गावापुढे उत्तर त्याने द्यावे, आईने नव्हे. तो दोन दिवसांनी निघून जातो, आणि ‘कोण होती ती?’ हा प्रश्न मागे राहिलेल्या आईला विहिरीवर, दुकानात, मंडळाच्या हळदीकुंकवाला विचारला जातो. कर्व्यांच्या घरावर जे आले त्याची ही सौम्य, रोजची आवृत्ती आहे. भावकीच्या थोरल्याकडे स्वतः जाऊन, जोडीदाराला बरोबर घेऊन, सरळ नाव सांगण्याचे काम ज्याला अवघड वाटते, त्याने ते आपल्या आईच्या अंगावर टाकले आहे हे तरी ओळखावे.

तिसरी सर्वांत अवघड आहे. त्याने घराला जोडीदाराच्या उणिवा पाहू द्याव्यात, आणि जोडीदाराला घराच्या. आणणारा माणूस दोन्हीकडे वकिली करीत असतो. तिला सांगतो की माझे घर फार मोकळे, घराला सांगतो की ती फार साधी. दोन जाहिराती एकमेकींपुढे उभ्या राहतात आणि एकमेकींना नमस्कार करतात. भांडण होण्याइतका वेळ आणि मुभा त्याने दिली, तरच ओळख होईल.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की, ‘कुनाची गो तू?’ या प्रश्नाला मी फार सोज्ज्वळ अर्थ देतो. तो प्रश्न जातच विचारतो. होय, जातच विचारतो. त्याशिवायही काही विचारतो, पण जात आधी विचारतो, आणि हे लपविण्यात अर्थ नाही. जेथे नकार जातीचा किंवा धर्माचा आहे आणि तो अपमानाच्या रूपाने येणार हे दिसत आहे, तेथे कोणालाही घेऊन जाण्याचे कर्तव्य कोणावर नाही. प्रेमाच्या माणसाला कोणाच्या संस्कारशिक्षणाचे साधन करणे हा दुष्टपणा आहे. गावकीने घराला वाळीत टाकले तर १८९३ साली दाद कोठेच नव्हती, आता आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ सालचा कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. तो कायदा वापरावा. माझा विवाद त्या घरांशी आहे जी बहिष्कार घालीत नाहीत आणि घेतही नाहीत. आणि अशा घरांची संख्या पहिल्या प्रकारापेक्षा मला बरीच मोठी दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो स्त्रियांकडून येईल, यावयासच हवा. काम देणे हीच स्वीकाराची खूण मानली तर मुलीला चुलीशी बांधण्याला आपण तत्त्वज्ञानाचा टिळा लावला असे होणार नाही काय? मी हा आक्षेप परतवून लावू शकत नाही. पण त्याची उलट बाजू दाखवू शकतो. मुलीने निवडलेला मुलगा जेव्हा घरी येतो तेव्हा काय होते? सुनेसाठी घराकडे निदान रतांब्यांचा ढीग तरी आहे. जावयासाठी जन्मभर ओटी. त्याला मान आहे, मानपान आहे, पण त्याच्या हाती कोयता कोणी देत नाही आणि त्याच्यापुढे घरातले भांडण कोणी बोलत नाही. चुलीचे काम बायकांनाच का, हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर सुनेलाही ओटीवर बसविणे हे नसून जावयालाही आत घेणे हे आहे. त्याला वडिलांबरोबर तलाठ्याच्या कचेरीत पाठवा; आजोबांच्या उशाशी एक रात्र जागवा; विळीवर बसवलेत तर उत्तमच. कामाचा अर्थ मी विश्वासाने सोपविलेली गोष्ट असा घेतो. नुसते राबवून घेणे यालाही जर कोणी स्वीकार म्हणत असेल तर तो त्याच पाहुणचाराचा दुसऱ्या टोकाचा भाऊ आहे. दोघेही माणसाला विचारीत नाहीत.

तिसरा आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. दोन सज्ञान माणसांनी संमती दिली की घराच्या, जातीच्या किंवा गावाच्या संमतीची जरुरी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी प्रकरणात २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट सांगितले आहे. मग या माजघराची एवढी पायधरणी कशाला? जरुरी नाही हे खरेच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत नोटीस लागते, तीस दिवस हरकतीसाठी थांबतात, आणि लग्न लागते. (गावाची हरकतीची मुदत तीस दिवसांत संपत नाही, एवढाच काय तो फरक.) ज्याला घराकडून काही नको आहे त्याने हा मार्ग धरावा, सुखाने नांदावे आणि कोणापुढे वाकू नये. पण मी पाहतो तो माणूस असा नसतो. त्याला गणपती हवा असतो, कलमे हवी असतात, म्हातारपणी परत येऊन राहावयाची ओटी हवी असते, आपल्या मुलांना ‘आपलं गाव’ म्हणून दाखवावयास काही तरी हवे असते. त्याला घर हवे असते आणि घराशी होणारा व्यवहार नको असतो. विवाह वैध ठरविणे हे न्यायालयाचे काम होते, ते त्याने केले. नाते ठरविण्याची अधिकारिता त्याने कधी मागितलीच नव्हती.

८. केव्हा आणावे

तेव्हा ज्यांचा या वर्षी असा काही विचार असेल त्यांना माझी विनंती आहे. गणपतीत आणू नका. शिमग्यातही नको, पालखी दारात आलेली असताना घराला दुसरीकडे पाहावयास डोळे नसतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात दहा दिवसांची रजा काढून आणा, आगोटीची कामे चाललेली असतात तेव्हा. फाटी पडवीत रचावयाची असतात, कौले परतावयाची असतात, मिरची आणि सुकी मासळी भरून ठेवावयाची असते, आणि आभाळ भरून येत असल्यामुळे कोणालाही कोणाचा पाहुणचार करीत बसावयास वेळ नसतो. पहिले दोन दिवस ताट समोर येईल; तिसऱ्या दिवशी घर विसरेल. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणी तरी तिच्यावर किंवा त्याच्यावर खेकसेल. तेव्हा मध्ये पडून सावरावयास जाऊ नका, थोडे थांबा. येताना जुने कपडे तेवढे बरोबर घ्या; रतांब्याचा डाग सहसा निघत नाही.